फाशीची शिक्षा आणि पेन्शन: कॅप्टन डॅनियल शेजचं प्रकरण

अमेरिकेत घराण्याचा इतिहास खणून काढणाऱ्या मंडळींमध्ये एका शोधाला फार मान आहे. आपला कुणी पूर्वज क्रांतियुद्धात, म्हणजे इंग्लंडविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात, लढला होता का, आणि लढला असेल तर साधा शिपाई होता की अधिकारी? आपल्याकडे कुळवृत्तांत काढणाऱ्याला मूळपुरुषाच्या नावाची सनद हाती लागली की जो आनंद होतो, त्याच जातीचा हा आनंद. ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन’ ही संस्था १८९० साली निघाली ती याच मानावर. तिथे सभासद व्हायचं तर १९ एप्रिल १७७५ ते २६ नोव्हेंबर १७८३ या काळातली पूर्वजाची सेवा कागदांनिशी दाखवावी लागते, आणि त्याच्यापासून आपल्यापर्यंतची एकेक पिढी पुराव्याने जोडून द्यावी लागते.

डॅनियल शेज या दोन तारखांच्या मध्ये अगदी नीट बसतो. पाचव्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटचा कॅप्टन. बंकर हिल, साराटोगा, स्टोनी पॉइंट अशा नावाजलेल्या लढायांत भाग घेतलेला. कुणाच्याही वंशावळीत शोभून दिसावा असा. अडचण आहे ती तारखांच्या बाहेर. ज्या मॅसॅच्युसेट्ससाठी तो लढला, त्याच राज्याने शेतकऱ्यांच्या बंडाचा म्होरक्या म्हणून १७८७ साली त्याला पकडून देणाऱ्याला १५० पौंडांचं बक्षीस लावलं आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गैरहजेरीत फाशीची शिक्षा सुनावली. पुढे १८१८ च्या कायद्याखाली अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्याच माणसाला युद्धसेवेबद्दल पेन्शन दिलं. एकाच पूर्वजाचे हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवायचे कसे, हे या प्रकरणातलं कोडं.

मला वाटतं, दोन्ही कागदांच्या मुळाशी एकच शब्द आहे: कॅप्टन. तो हुद्दा नसता तर शेजला कॅप्टनच्या दराचं पेन्शन मिळालं नसतं, आणि बहुधा फाशीची शिक्षाही नाही.

हुद्दा कसा वाचायचा

शेजचा जन्म १७४७ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या हॉपकिंटनचा. बाप पॅट्रिक आयर्लंडहून आलेला, करारावर राबणारा नोकर. म्हणजे घरात ना जमीन, ना नाव. डॅनियलने शेतमजुरी केली, १७७२ साली अबिगेल गिल्बर्टशी लग्न केलं आणि पुढे राज्याच्या पश्चिम भागातल्या पेलहॅम या डोंगराळ गावी शेती केली. १७७५ च्या एप्रिलात लेक्सिंग्टनला गोळीबार झाल्याची बातमी पसरली, तेव्हा तो शेजारच्या ॲमहर्स्टच्या रूबेन डिकिन्सनच्या तुकडीत सार्जंट म्हणून निघाला.

सार्जंटचा कॅप्टन होणं त्या सैन्यात रोजचं नव्हतं. अधिकारी बहुतेक खाऊनपिऊन सुखी घरचे, गावात वजन असलेले असत. शेजची बढती लढाईतल्या कामावर झाली. त्याच्या कॅप्टनपदाचा कागद निघाला १७७९ मध्ये, पण हुद्दा धरला गेला १ जानेवारी १७७७ पासून. पूर्वजांचा शोध घेणारे नवखे लोक इथे हमखास चुकतात. कागदावरची तारीख आणि हुद्दा लागू झाल्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी, आणि पगार, ज्येष्ठता, पुढे पेन्शन हे सगळं दुसऱ्या तारखेवर चालतं. ज्याने फक्त १७७९ लिहून ठेवलं, त्याने पूर्वजाची दोन वर्षं हातची घालवली.

कागद मिळण्याचीच मारामार आहे, हेही सांगायला हवं. ८ नोव्हेंबर १८०० च्या रात्री युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि क्रांतियुद्धाचं दप्तर मोठ्या प्रमाणात जळालं. उरलं ते राज्यांकडचं. मॅसॅच्युसेट्सने आपल्याकडचे मस्टर, पगारपत्रकं, भरतीच्या याद्या एकत्र करून १८९६ ते १९०८ या काळात १७ खंडांत छापल्या. आडनावांप्रमाणे लावलेलं हे काम म्हणजे शोध घेणाऱ्याचं पहिलं दार. पण आडनाव ज्याने जसं ऐकलं तसं लिहिलं. शेज, शे, शेस, शी असं सगळं चाळावं लागतं. आपल्याकडे मोडीतलं आडनाव बाळबोधीत उतरवताना जे होतं, तेच इंग्रजीत कारकुनाच्या कानाने केलं.

तलवार

१७८० साली मार्क्विस द लाफायेत या फ्रेंच सेनापतीने आपल्या हाताखालच्या अमेरिकन अधिकाऱ्यांना तलवारी भेट दिल्या. शेजला एक मिळाली. ती त्याने विकली.

या एका विक्रीवर लोकांनी किती लिहिलं आहे! पुढे बंड झाल्यावर विरोधकांनी ही गोष्ट हुडकून काढली: सेनापतीने दिलेली तलवार मोडीत काढणारा माणूस, याला कसली आली अब्रू. सोबतच्या अधिकाऱ्यांनाही ते रुचलं नव्हतं. तलवार विकणं म्हणजे हुद्दा विकणं, असं मानणारा तो वर्ग.

पण १७८० चा भाव बघा. काँग्रेसने, म्हणजे सगळ्या राज्यांच्या मध्यवर्ती प्रतिनिधिसभेने, छापलेल्या कागदी चलनाची किंमत इतकी पडली होती की त्या वर्षीच्या मार्चमध्ये काँग्रेसनेच ४० कागदी डॉलरला १ चांदीचा डॉलर असा दर जाहीर केला. अधिकाऱ्याचा पगार मुळात थकलेला, आणि हाती आला तर या नोटांत. घरी जमीन असलेला अधिकारी निभावून नेई. शेजच्या घरी बायको, मुलं आणि देणी. मला त्या तलवारीत बेअदबी दिसत नाही. विकण्याजोगी दुसरी काय वस्तू त्याच्याकडे असणार होती?

ऑक्टोबर १७८० मध्ये त्याने राजीनामा दिला. २१ ऑक्टोबर १७८० रोजी काँग्रेसने ठराव केला की युद्ध संपेपर्यंत जे अधिकारी नोकरीत राहतील त्यांना जन्मभर अर्धा पगार. १७८३ मध्ये त्याचं रूपांतर पाच वर्षांच्या पूर्ण पगारात झालं. शेज यातून बाहेर राहिला. युद्ध संपलं तेव्हा त्याच्या बरोबरीच्या कॅप्टनांच्या हाती निदान सरकारी रोखे तरी होते.

तलवारींचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. १७८१ च्या ऑक्टोबरात यॉर्कटाउनला इंग्रज शरण आले तेव्हा लॉर्ड कॉर्नवॉलिसने आजारपणाचं निमित्त करून तलवार देण्यासाठी आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्याला पाठवलं, आणि वॉशिंग्टनच्या वतीने ती शरणागती स्वीकारायला पुढे झाला जनरल बेंजामिन लिंकन. लिंकन या गोष्टीत परत येणार आहे. कॉर्नवॉलिसही आपल्या ओळखीचा: सप्टेंबर १७८६ मध्ये तो गव्हर्नर-जनरल म्हणून कलकत्त्याला उतरला, आणि १७९२ मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा त्याच्या बाजूला होत्या. तो कलकत्त्यात स्थिरस्थावर होत होता त्याच महिन्यात शेज स्प्रिंगफिल्डच्या कोर्टासमोर माणसांच्या रांगा लावत होता.

पेलहॅमची देणी

गावात परतल्यावर शेज सार्वजनिक कामात होता. गावकऱ्यांनी त्याला समित्यांवर निवडलं, आसपासच्या गावांच्या सभांना पाठवलं. कॅप्टन म्हणून मान होता. देण्यासाठी कोर्टाची पायरी मात्र त्यालाही चढावी लागली.

हे कर्ज आलं कुठून, तो सगळा साखळीचा मामला. युद्धानंतर इंग्लंडच्या व्यापाऱ्यांनी बॉस्टनच्या व्यापाऱ्यांकडे जुनी बाकी सोन्याचांदीच्या नाण्यांत मागितली. बॉस्टनवाल्यांनी आतल्या गावांच्या दुकानदारांकडे तगादा लावला, दुकानदारांनी शेतकऱ्यांकडे. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या धान्य, लाकूड, गुरं, मजुरी देऊन हिशेब फेडत आलेला. नाणं त्याच्या गाठीला कधीच फारसं नसे. हँपशर परगण्याच्या कोर्टात १७८४ ते १७८६ या दोन वर्षांत कर्जवसुलीचे जवळपास ३,००० दावे झाले. दावा हरला की जमीन, बैल, भांडी जप्त. तेवढ्यानं भागलं नाही तर कर्जदार तुरुंगात.

त्यावर राज्याचा कर. हा भाग नीट समजून घेतला तर बंड समजतं. युद्धात शिपायांना पगाराऐवजी कागदी वचनचिठ्ठ्या दिल्या होत्या. पोटासाठी शिपायांनी त्या पडेल भावात विकल्या, आणि बॉस्टनच्या पैसेवाल्यांनी त्या गोळा केल्या. मग राज्याने ठरवलं की या चिठ्ठ्यांची रक्कम चढ्या भावाने, व्याजासकट चुकती करायची, आणि त्यासाठी जमिनीवर आणि डोईवर कर बसवायचा, तोही नाण्यात. म्हणजे ज्या शिपायाने आपली चिठ्ठी कवडीमोल विकली, त्यानेच आता ती विकत घेणाऱ्याला पूर्ण किंमत मिळावी म्हणून कर भरायचा. खाजगी कर्ज हे खरं कारण की हा कर, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला कराची बाजू जास्त पटते, कारण कर्जाचा बोजा इतर भागांतही होता आणि तिथली सगळी गावं काही उठली नाहीत.

गावांनी अर्ज केले. कागदी चलन काढा, वस्तूंत कर भरू द्या, कोर्टाचा खर्च कमी करा, असल्या मागण्या. १७८६ च्या उन्हाळ्यात विधिमंडळ काहीच दिलासा न देता उठलं. २९ ऑगस्टला नॉर्दॅम्प्टनच्या कोर्टासमोर शेकडो माणसं जमली आणि न्यायाधीशांना बसूच दिलं नाही. कोर्ट बसलं नाही तर हुकूमनामा नाही, हुकूमनामा नाही तर जप्ती नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, त्यामागचा हिशेब याहून फार वेगळा नव्हता. हे लोक स्वतःला रेग्युलेटर म्हणवत, म्हणजे कारभाराला शिस्त लावणारे. टोपीत सदाहरित झाडाची डहाळी खोवत. ती खूण क्रांतियुद्धातलीच. सरकारी बाजूने मग पांढऱ्या कागदाचा तुकडा खोवायला सुरुवात केली.

अशा जमावाला रांगेत उभं करायला, दिशा द्यायला, गोळी न झाडता दबाव आणायला शिकलेला माणूस लागतो. गावोगाव तसे माणूस होते: युद्धातून परतलेले कॅप्टन. वेस्ट स्प्रिंगफिल्डला ल्यूक डे, ग्रोटनला जॉब शॅटक, हबर्डस्टनला ॲडम व्हीलर. पेलहॅमला शेज. ऑगस्टमध्ये विचारलं तेव्हा शेजने नकार दिला. सप्टेंबरात तो तयार झाला.

२६ सप्टेंबर १७८६. स्प्रिंगफिल्डला राज्याचं सर्वोच्च न्यायालय बसणार होतं. कोर्टाच्या रक्षणाला जनरल विल्यम शेपर्ड मिलिशिया, म्हणजे राज्यातल्या नागरिकांची फौज, घेऊन हजर. हा शेपर्ड युद्धात चौथ्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटचा कर्नल. समोर शेजची माणसं. दोन जुने अधिकारी बोलले आणि तोडगा निघाला: शेजच्या माणसांनी शिस्तीत संचलन करून जावं, कुणी कुणाच्या अंगावर जायचं नाही. ढोल वाजले, माणसं चार-चारच्या ओळींनी निघून गेली. कोर्टाने एकही काम न चालवता तहकुबी घेतली. रक्त सांडलं नाही. या दिवसाचं श्रेय शेजच्या खात्यावर फार कमी जण टाकतात.

जुना कर्नल भेटतो

या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा कागद म्हणजे ८ जानेवारी १७८७ चं एक पत्र. रूफस पटनमने गव्हर्नर जेम्स बोडॉइनला लिहिलेलं. पटनम हा पाचव्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटचा कर्नल होता, म्हणजे शेजचा थेट वरिष्ठ. पेलहॅमवरून जाताना रस्त्यात त्याची शेजशी गाठ पडली आणि दोघांचं बोलणं सवाल-जवाबासारखं उतरवून त्याने वर पाठवलं.

या वेळेपर्यंत राज्याने दंगलविरोधी कायदा केला होता, विनाचौकशी अटकेची मुभा घेतली होती, आणि ग्रोटनच्या जॉब शॅटकला पकडताना घोडेस्वारांनी त्याला तलवारीने जबर जखमी केलं होतं. बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत हे सगळं शेजच्या नावावर चालू होतं. पटनमने त्याला तसंच धरलं: तू या लोकांचा म्होरक्या आहेस. शेजने साफ नाकारलं. आपण त्यांचे म्होरके नाही; स्प्रिंगफिल्डपुरती जबाबदारी आपल्यावर आली, आणि हँपशर परगण्याबाहेरच्या माणसांवर आपण कधी हुकूमत चालवली नाही, असं त्याचं म्हणणं. पटनमने विचारलं, माफी मिळाली तर या लोकांना सोडून जाशील? शेज म्हणाला, हो, एका क्षणात.

हे पत्र दोन्ही बाजूंनी कापतं. शेजला नायक करू पाहणाऱ्यांना ‘एका क्षणात’ हे उत्तर टोचतं. बंडाचा सेनापती म्हणणाऱ्यांना त्याचं हँपशरपुरतं बोलणं अडचणीचं. कुणी म्हणेल, फाशीच्या भीतीने माणूस असंच बोलणार. खरं आहे. पण बाकीच्या कागदांशी ताडून पाहिलं तर ते जुळतं. प्रत्येक परगण्याची समिती वेगळी, पुढारी वेगळे. सगळ्यांवर हुकूम चालवील असा सेनापती या चळवळीत नव्हताच. ‘शेजचं बंड’ हे नाव बाहेरच्यांनी ठेवलं. बॉस्टनला जमाव समजत नव्हता, कॅप्टन समजत होता.

आणि पटनमने ते बोलणं गव्हर्नरला कळवलं, माफी आणली नाही. जुन्या कर्नलचं मन त्या पेलहॅमच्या भेटीत काय झालं असेल, याबद्दल कागद मुका आहे.

पंचवीस जानेवारी

तिजोरीत पैसा नव्हता. तेव्हा बॉस्टनच्या शंभरावर व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून सुमारे ६,००० पौंड उभे केले आणि त्यावर फौज उभी राहिली. सेनापती बेंजामिन लिंकन, यॉर्कटाउनचा तोच. सुमारे ३,००० माणसं घेऊन तो वूस्टरकडे निघाला.

रेग्युलेटरांचा डोळा स्प्रिंगफिल्डच्या केंद्र सरकारी शस्त्रागारावर होता. तिथे सुमारे ७,००० बंदुका होत्या. शेपर्ड १,२०० मिलिशियासह आत बसला होता, आणि शस्त्रागारातल्या तोफा वापरायची परवानगी वरून आलेली नसतानाही त्याने त्या मांडल्या होत्या. बेत असा होता की शेज पूर्वेकडून, एली पार्सन्स उत्तरेकडून आणि ल्यूक डे नदीपलीकडून असे तिघे एकदम चाल करतील. २५ जानेवारी ठरली. ल्यूक डेने शेजला निरोप धाडला की आपल्याला २५ ला जमणार नाही, २६ ला येतो. निरोप शेपर्डच्या माणसांच्या हाती पडला.

शेजला काहीच कळलं नाही. दुपारी तो गुडघाभर बर्फातून सुमारे १,२०० ते १,५०० माणसं घेऊन आला. शेपर्डने दोनदा माणूस पाठवून बजावलं की पुढे येऊ नका. शेजला बराकी ताब्यात हव्या होत्या. तोफेचे पहिले गोळे डोक्यांवरून उडवले गेले, रांग थांबली नाही. मग छऱ्यांच्या तोफा कंबरेच्या उंचीला लावल्या. चार माणसं मेली, सुमारे वीस घायाळ झाली. दोन्ही बाजूंनी एकही बंदूक उडाली नाही. शेजची माणसं ‘खून, खून’ असं ओरडत मागे फिरली. सप्टेंबरात ज्याच्याशी संचलनाचा सौदा झाला होता तो शेपर्ड आपल्याच जुन्या सैनिकांवर तोफ डागेल, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. शेजच्याही नसावं. अधिकारी म्हणून त्याची मोठी चूक कोणती म्हणाल तर ही.

पुढचे दहा दिवस माघारीचे. शेज पेलहॅमला आल्यावर लिंकनने त्याला शरण येण्याचं पत्र पाठवलं. शेजने विधिमंडळाकडे केलेल्या अर्जाचं उत्तर येईपर्यंत मुदत मागितली. ३ फेब्रुवारीला तो पीटर्शॅमला सरकला. लिंकन हॅडलीला होता. रात्री आठला निघून, बर्फाच्या वादळात सुमारे ३० मैल चालत, त्याची फौज रविवारी ४ फेब्रुवारीच्या सकाळी पीटर्शॅममध्ये घुसली. माणसं न्याहारीच्या वेळी सापडली. दीडशे पकडले गेले, बाकीचे पांगले. शेज व्हरमाँटला निसटला. व्हरमाँट तेव्हा अमेरिकेच्या संघात सामील नव्हतं, १७९१ पर्यंत ते स्वतंत्रच होतं, म्हणून मॅसॅच्युसेट्सचं वॉरंट तिथे चालत नव्हतं.

शिक्षा, माफी, निवडणूक

राज्याने नंतर जे केलं ते थोडक्यात. सुमारे ४,००० लोकांनी कबुलीजबाबावर सही करून माफी घेतली. या याद्या वंश शोधणाऱ्यांना सोन्यासारख्या, कारण गावासकट नावं आहेत. त्यांचे मताधिकार आणि सार्वजनिक पदं काही काळ काढून घेतली. अठरा जणांना फाशीची शिक्षा झाली. जॉन ब्लाय आणि चार्ल्स रोज या दोघांना ६ डिसेंबर १७८७ रोजी लेनॉक्सला खरोखर फाशी दिलं, तेही घरफोडीच्या गुन्ह्यासाठी. बाकीचे सुटले. दरम्यान १७८७ च्या निवडणुकीत बोडॉइन हरला आणि जॉन हॅनकॉक गव्हर्नर झाला. १७८८ मध्ये शेजलाही माफी मिळाली.

अमेरिकेच्या राज्यघटनेशी या बंडाचा संबंध प्रत्येक शालेय पुस्तकात आहे. मे १७८७ मध्ये ती घटना लिहायला फिलाडेल्फियाला जमलेल्या प्रतिनिधींच्या मनात मॅसॅच्युसेट्स ताजं होतं, एवढं नक्की. युद्धखात्याचा सचिव हेन्री नॉक्स याने वॉशिंग्टनला पाठवलेल्या पत्रांनी ती भीती आणखी वाढवली होती. अमेरिकेचा वकील म्हणून पॅरिसमध्ये बसलेल्या जेफरसनला मात्र अधूनमधून असं एखादं छोटं बंड बरंच वाटत होतं. तोफ त्याच्यापासून दूर होती.

पेन्शनची फाईल

माफीनंतर शेज फार काळ मॅसॅच्युसेट्समध्ये राहिला नाही. न्यूयॉर्क राज्यात गेला, आणि शेवटी पश्चिमेकडच्या स्पार्टा या नव्या वस्तीत. तिथे तो गरीब म्हातारा शेतकरी होता.

१८ मार्च १८१८ रोजी काँग्रेसने पेन्शनचा कायदा केला. क्रांतियुद्धात कॉन्टिनेंटल आर्मीत, म्हणजे काँग्रेसच्या फौजेत, निदान नऊ महिने सेवा, आणि आज हलाखी, या दोन अटी. अधिकाऱ्याला महिना २० डॉलर, शिपायाला ८. अर्जांचा पूर आला, सरकार घाबरलं, आणि १८२० मध्ये नवी अट घातली: अर्जदाराने कोर्टात शपथेवर आपल्या मालमत्तेची यादी द्यायची. त्यामुळे आज या फाइली चाळताना म्हाताऱ्या सैनिकांच्या घरातल्या गाईगुरांची, मोडक्या खुर्च्यांची, फुटक्या भांड्यांची नोंद सापडते. बायकोचं वय, मुलांची नावं, कोण आजारी, कोण सांभाळतं, सगळं. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या या सुमारे ८०,००० फाइली म्हणजे त्या काळच्या गरिबीची जनगणनाच. युद्धाच्या शौर्याचं दप्तर जळून गेलं, म्हातारपणाच्या दारिद्र्याचं राहिलं.

शेजने अर्ज केला आणि त्याला कॅप्टनच्या दराने पेन्शन बांधलं गेलं. केंद्र सरकारच्या दृष्टीने प्रश्न एवढाच होता: हा १ जानेवारी १७७७ पासून ऑक्टोबर १७८० पर्यंत पाचव्या रेजिमेंटमध्ये कॅप्टन होता का? होता. १७८० मध्ये पूर्ण मुदत न काढल्यामुळे ज्याचा अर्धा पगार गेला, त्याला ३८ वर्षांनी त्याच हुद्द्याचे २० डॉलर मिळाले. फाशीच्या शिक्षेचा कागद मॅसॅच्युसेट्सच्या दप्तरात, पेन्शनचा वॉशिंग्टनमध्ये. दोन कचेऱ्या एकमेकींना विचारत नाहीत, ही सोय शेजच्या पथ्यावर पडली असं म्हणायला हरकत नाही.

२९ सप्टेंबर १८२५ रोजी तो वारला, वयाच्या ७८ व्या वर्षी.

दोन दगड

पेलहॅमच्या ज्या पूर्व भागात त्याची शेती होती, तो १८२२ मध्ये वेगळा काढून प्रेस्कॉट नावाचं गाव झालं. बॉस्टनला पाणी पुरवणाऱ्या क्वाबिन जलाशयासाठी २८ एप्रिल १९३८ रोजी प्रेस्कॉटसह चार गावं कागदोपत्री बरखास्त झाली. घरं पाडली, थडगी हलवली. मूळ गाव धरणात गेलं, असं सांगणारी घरं आपल्याकडेही कमी नाहीत. शेजच्या वंशजाला घराण्याची जागा बघायची तर तिथेही तेच उत्तर. पेलहॅमवरून जाणाऱ्या हमरस्त्याच्या एका टप्प्याला मात्र शेजचं नाव आहे.

पीटर्शॅममध्ये एक दगड १९२७ साली बसवला गेला. त्यावर लिहिलं आहे की राज्याविरुद्ध बंड करणाऱ्या डॅनियल शेजला जनरल लिंकनने कडाक्याच्या थंडीत रात्रभर चालून येऊन उधळून लावलं, आणि कायद्याचं पालन हेच खरं स्वातंत्र्य. १९८७ साली, दोनशे वर्षं झाली तेव्हा, गावातल्या इतिहास मंडळाने दुसरी पाटी लावली. त्यात तीच सकाळ आहे, तोच लिंकन आहे, पण त्याची फौज बॉस्टनच्या धनिक व्यापाऱ्यांच्या पैशावर उभी राहिलेली आहे, आणि खऱ्या न्यायासाठी कधी कायद्याला विरोध करावा लागतो, असा शेवट आहे. पहिल्या दगडावर नाव आहे नुसतं डॅनियल शेज. दुसऱ्या पाटीवर नावाआधी हुद्दा आहे.